हात जोडलेले, पण मन कुठं? पूजा-जपातली एकाग्रता सोप्या भाषेत

देवळांच्या दारावर गेल्या काही वर्षांत एक पाटी हमखास दिसू लागली आहे : मोबाइल आत नेऊ नये. उज्जैनच्या महाकाळेश्वर मंदिरात डिसेंबर २०२२ मध्ये फोनबंदी झाली. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या देवळांमध्ये मोबाइल बंद करण्याचा आदेश दिला. जुलै २०२३ मध्ये केदारनाथच्या मंदिरातही फोटो आणि व्हिडिओ काढायला मनाई झाली. आपल्या सातारा-सांगलीकडंही गाभाऱ्यासमोर कुणीतरी फोन उंचावतो आणि पुजाऱ्यांना ‘अहो, आधी दर्शन घ्या’ म्हणावं लागतं.

या बंदीमागं सुरक्षितता आहे, गर्दी आहे, देवळाचं पावित्र्य आहे. पण बऱ्याच भाविकांच्या मनात यापुढचा प्रश्न असतो. फोन बाहेर ठेवला, रांगेत तासभर उभं राहिलो, देवासमोर पोहोचलो आणि हात जोडले, तरी मन चपलांपाशीच. नाहीतर उसाचं बिल, मुलीची ॲडमिशन, सकाळी कुणीतरी लावून बोललेलं वाक्य. अशा पूजेला काही अर्थ आहे का? एकाग्र व्हा म्हणून सगळेच सांगतात. व्हायचं कसं, हे फार कमी जण सांगतात. या लेखात तेच उलगडून पाहायचं आहे.

आधी लक्ष म्हणजे काय ते बघू

डोळे, कान, नाक, त्वचा यांच्याकडून मेंदूकडं सारखं काहीतरी येत असतं. तुम्ही हे वाचताय तेव्हा पंख्याचा आवाज चालू असेल, पाठीला खुर्ची लागत असेल, शेजारच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत असेल. हे सगळं आधीपासूनच होतं. नाव काढलं म्हणून आत्ता जाणवलं. एवढ्या पसाऱ्यातून एक गोष्ट उचलून मनाच्या पुढ्यात आणायची आणि बाकीच्यांना मागं ठेवायचं, या कामाला लक्ष देणं म्हणतात.

मनाच्या पुढ्यातली ही जागा फार लहान असते. स्तोत्र म्हणता म्हणता मोबाइलवरचा मेसेज वाचला की आपल्याला वाटतं, दोन्ही एकदम चाललंय. प्रत्यक्षात मन इकडून तिकडं उड्या मारत असतं आणि प्रत्येक उडीत थोडं काही सांडत असतं. शिवाय लक्ष आपलं आपण सुटतं. २०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सव्वादोन हजार माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं : आत्ता काय करताय, आणि मन त्याच कामात आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मन भटकलेलं असताना माणसं कमी आनंदी होती, हेही त्यात दिसलं. चांगल्या गोष्टीकडं भटकलेलं मनसुद्धा कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी नव्हतं.

हा आकडा मुद्दाम सांगितला. देवासमोर मन ठरत नाही म्हणून ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे, माझी भक्तीच खरी नाही’ असं म्हणणारे खूप लोक भेटतात, विशेषतः घरातल्या वयस्कर बायका. मनाचा तो स्वभावच आहे. तो सगळ्यांना सारखाच मिळालेला आहे.

धारणा आणि ध्यान

परंपरेनं यासाठी दोन शब्द दिले आहेत. चित्त एका जागी बांधणं म्हणजे धारणा. त्या जागी तेच ते भान अखंड वाहत राहणं म्हणजे ध्यान. पतंजलींच्या योगसूत्रांतला तिसरा पाद याच दोन व्याख्यांनी सुरू होतो. तिथला क्रम नीट बघण्यासारखा आहे. आधी बांधायचं, मग वाहायचं. आपण बहुतेक जण पहिली पायरी सोडून दुसरीवर उभं राहू बघतो, डोळे मिटून एकदम शांत व्हायला जातो आणि दोन मिनिटांत कंटाळतो.

चित्त बांधायची जागा काहीही असू शकते : मूर्तीचे डोळे, पावलं, नाम, श्वास, स्वतःचं हृदय. योगी आणि भक्त या दोघांच्या वाटा वेगळ्या होतात त्या इथं. भक्ताची जागा ही कुणाची तरी असते. राम, विठ्ठल, अंबाबाई, खंडोबा, दत्त, जे कुणी आपलं असेल ते. आजकाल कार्यशाळांतून ‘माइंडफुलनेस’ शिकवतात, श्वासाकडं बघा, विचारांकडं बघा म्हणून सांगतात. ते उपयोगी आहेच. तुमची सकाळची पूजा म्हणजे तेच ना, असं कुणी विचारलं, तर मात्र माझं उत्तर ‘पूर्णपणे तेच म्हणता येणार नाही’ असं आहे. तिथं लक्ष हे साधन आणि शांतता हे फळ. भक्तीत लक्ष हीच देवाला वाहायची वस्तू आहे. फुलं बाजारात मिळतात, पेढे मिळतात, नारळ मिळतो. आपलं लक्ष आपल्याशिवाय दुसरं कुणी आणून देऊ शकत नाही.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मनाची एक चांगली खोडी सांगितली आहे. त्याला जिथं गोडी लागते, तिथं ते सोकावतं. म्हणून त्याला आतल्या सुखाची चव दाखवत जावी, असा माउलींचा सल्ला आहे. मनाला दटावून काही होत नाही, त्याला आवडेल असं काही पुढं ठेवावं लागतं, हे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत सांगून झालं आहे.

पूजेची मांडणी अशी का आहे?

रोजची पूजा बारकाईनं पाहिली की ध्यानात येतं, तिच्यातली प्रत्येक गोष्ट भटक्या मनाला हातात काहीतरी देण्यासाठी रचली आहे.

सुरुवात संकल्पानं होते. गुरुजी तो भरभर म्हणतात आणि आपण पळीतलं पाणी कधी सोडायचं याची वाट बघत बसतो. पण त्यात काय असतं ते ऐका : कुठला संवत्सर, कुठलं अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आपण कुठल्या प्रदेशात बसलोय, आपलं गोत्र, आपलं नाव आणि आपण काय करायला बसलोय. आधी अफाट काळ आणि अफाट भूगोल, मग तिथून उतरत उतरत आपल्या पाटापर्यंत. उद्याच्या काळजीत किंवा कालच्या भांडणात अडकलेल्या माणसाला ‘आज, इथं, मी’ एवढ्यावर आणून ठेवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

मग उपचार येतात. षोडशोपचार म्हणजे सोळा प्रकारांनी केलेलं आदरातिथ्य : आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा वगैरे. मन एकाच गोष्टीवर फार वेळ टिकत नाही, म्हणून गोष्ट बदलत राहते. ज्याच्यासाठी ती चाललीये तो मात्र बदलत नाही. गंध उगाळताना हाताला सहाणेचा खरखरीतपणा, नाकाला चंदन. दिव्याला डोळे, घंटेला कान, तीर्थाला जीभ. पाचही इंद्रियांना एकाच दिशेचं काम मिळालं की त्यांना बाहेर पळायला सवड कमी राहते.

जपमाळेचंही तसंच. १०८ मणी आणि एक मेरुमणी. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट निघायचं. झोपेत किंवा तंद्रीत मेरुमणी ओलांडला गेला की बोटाला कळतं. जप तीन तऱ्हांचा सांगितला आहे : ऐकू येईल असा वाचिक, फक्त ओठ हलतील असा उपांशु आणि मनातल्या मनात मानस. शास्त्रानं मानस जप सर्वांत श्रेष्ठ मानला. तो सर्वांत अवघडही आहे, कारण त्यात जिभेचा आणि कानाचा आधार सुटतो. नवख्यानं थेट मानस जप करायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मोठ्यानं म्हणावं, स्वतःच्या कानांनी ऐकावं. मन विस्कटलं की पुन्हा आवाजावर यावं. यात कमीपणा काही नाही.

आवाजात म्हटलेल्या जपाचा शरीरावर होणारा परिणामही मोजला गेला आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा अभ्यास आला. २३ निरोगी माणसांकडून त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एकदा योगपरंपरेतला मंत्र म्हणून घेतला. दोन्ही वेळा श्वास मंदावून मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. माणसं थोडी होती, त्यामुळं यावरून ‘जपानं रक्तदाब बरा होतो’ असं कुणी म्हणू नये, गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. लयीत म्हटलेल्या ओळी श्वासाला लय देतात, एवढं मात्र त्यातून नीट दिसतं.

मन सुटलं, आता काय करायचं?

सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

मिरजेत तंबोरे बनतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंत, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून नेमकी करण्यापर्यंत, सगळं हातानं करणारी घराणी तिथं आहेत. अशा कारागिराच्या हातचा उत्तम तंबोरा घरी आणला तरी तो रोज लावावा लागतो. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग घोडीपाशी तारेत ओवलेला मणी किंचित सरकवून सूर नेमका करायचा, जवारीचा दोरा इकडंतिकडं करून नाद उघडायचा. पंचम, जोड, खर्ज असं सगळं जुळलं, तंबोरा बोलू लागला, गाणं रंगलं, तरी अर्ध्या तासात हवा बदलते आणि जोडाची एखादी तार उतरते. गायक गाता गाताच तिकडं हात नेतो, मणी सरकवतो आणि पुढं गातो. तंबोरा बिघडला म्हणून कुणी रडत बसत नाही. तार उतरणारच, हे धरूनच तंबोऱ्याला मणी बसवलेले असतात. चांगल्या गायकाची ओळख ही की तार उतरल्याचं त्याला लवकर कळतं.

जपातलं मन असंच आहे. ते सुटणारच. सुटल्याचं कळलं की त्याला हलक्या हातानं परत आणायचं. पुन्हा सुटेल, पुन्हा आणायचं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन वैतागून म्हणतो की हे मन चंचल, दांडगं, हट्टी आहे, त्याला धरणं म्हणजे वारा धरण्याइतकं अवघड. कृष्ण त्याचं म्हणणं खोडून काढत नाही. ‘यात संशयच नाही’ असं आधी मान्य करतो, मगच अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतो. त्याआधी थोडं वर, त्याच अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात, करायची कृती येऊन गेलेली असते : मन जिथून जिथून निसटेल, तिथून तिथून त्याला आवरून परत आणावं. निसटूच देऊ नये, असं तिथं म्हटलेलं नाही.

साताऱ्याच्या माणसाला तर याचा दाखला शोधायला लांब जायला नको. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, ज्यांनी मनाला उपदेश करणारे २०५ श्लोक रचले, त्या समर्थ रामदासांनीच करुणाष्टकांत रामापुढं गाऱ्हाणं घातलं आहे : ‘अचपळ मन माझें नावरे आवरीतां’. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत मनाला वळण लावलं, त्यांनीही हे म्हणून ठेवलं आहे. पूजेत मन भटकलं म्हणून खट्टू होणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ सांगावीशी वाटते.

विज्ञानही या परतण्याच्या क्षणापाशी येऊन थांबलं आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात २०१२ मध्ये ध्यान करणाऱ्या काही लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. श्वासावर लक्ष ठेवा आणि मन भटकल्याचं कळलं की बटण दाबा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यातून चार टप्प्यांचं चक्र दिसलं : भटकणं, भटकल्याचं कळणं, लक्ष वळवणं, लक्ष टिकणं. प्रत्येक टप्प्यात मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागत होते. या चक्रातला ‘कळणं’ हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जपाला बसलेल्या माणसाला ‘अरे, मी कुठं गेलो होतो’ असं ज्या क्षणी वाटतं, त्या क्षणी तो हरलेला नसतो. तो त्या क्षणी जागा झालेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी तर १८९० मध्येच लिहून ठेवलं की भटकलेलं लक्ष आपणहून पुन्हा पुन्हा परत आणण्याची शक्ती हेच विवेकाचं, चारित्र्याचं आणि इच्छाशक्तीचं मूळ आहे.

‘मग लक्ष नसताना घेतलेलं नाम वाया जातं का?’

यावर परंपरेतच दोन सूर आहेत. कबीरांच्या नावावर असलेला दोहा सांगतो, माळ हातात फिरते, जीभ तोंडात फिरते आणि मन दाही दिशांना फिरतं, तर याला स्मरण म्हणत नाहीत. उलट भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. मरताना त्यानं आपल्या धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण, म्हणून त्या नामानंही तो तरला. म्हणजे लक्ष सोडा, हेतूसुद्धा नव्हता.

माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५ ते १९१३) ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र घरोघर पोहोचवला. त्यांच्या शिकवणीत या प्रश्नाचं फार व्यवहारी उत्तर आहे. मन लागत नाही म्हणून नाम सोडायचं नाही, नाम घेत राहिलं की मन लागतं. मन लागल्यावर नाम घेऊ म्हणणाऱ्याला नाम घ्यायचा दिवस उगवत नाही. मला हे पटतं. पण त्याचा अर्थ कुणी ‘टीव्ही बघत बघत माळ ओढली तरी चालतं’ असा काढला, तर ते पटत नाही. मन आपलं आपण सुटणं वेगळं आणि आपण होऊन त्याला दुसरीकडं नेऊन बसवणं वेगळं.

गीतेच्या बाराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला उतरत्या पायऱ्या देतो. मन माझ्यात ठेव. ते स्थिर ठेवणं जमत नसेल तर अभ्यास कर. तोही जमत नसेल तर माझ्यासाठी काम कर. तेही होत नसेल तर कर्माच्या फळाची आस सोड. प्रत्येक पायरीवर ‘जमत नसेल तर’ आहे. इतकी सवलत देणाऱ्या धर्मात एकाग्रता नाही म्हणून कुणालाही बाहेर काढलेलं नाही.

‘स्तोत्र पाठ झालं की तोंड आपोआप चालतं, लक्ष द्यायला उरतंच काय?’

खरी अडचण आहे. पाठांतर पक्कं झालं की जीभ एकटी काम करते आणि मन मोकळं सुटतं. यावरचा इलाज पुष्कळदा त्या स्तोत्राच्या आतच असतो. रामरक्षेचं बघा. आपल्याकडं दिवेलागणीला अजून कितीतरी घरांत ती म्हणतात. तिच्या सुरुवातीच्या भागात कवच आहे : ‘शिरो मे राघवः पातु’ म्हणजे राघव माझ्या मस्तकाचं रक्षण करो. मग कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ, खांदे, बाहू, हात, हृदय असं खाली उतरत उतरत गुडघे, पोटऱ्या आणि शेवटी पावलं. लक्ष डोक्यापासून पायापर्यंत क्रमानं फिरवायची ही आखलेली वाट आहे.

आता प्रत्येक अवयवाशी रामाचं कुठलं नाव जोडलंय ते बघा. कपाळापाशी दशरथाचा पुत्र, डोळ्यांपाशी कौसल्येचा लेक, कानांपाशी विश्वामित्रांचा लाडका, नाकापाशी यज्ञाचं रक्षण करणारा. बाहूंपाशी शिवधनुष्य मोडणारा, हातांपाशी सीतापती, हृदयापाशी परशुरामाला जिंकणारा. पोटापाशी खराचा वध करणारा, कमरेपाशी सुग्रीवाचा स्वामी, त्याखाली हनुमंताचा प्रभू. गुडघ्यांपाशी सेतू बांधणारा, पोटऱ्यांपाशी दशमुखाचा अंत करणारा आणि पावलांपाशी बिभीषणाला राज्यवैभव देणारा. अयोध्येपासून लंकेपर्यंतचं रामायण आपल्याच अंगावरून वरून खाली उतरत गेलेलं असतं.

एकदा हे समजलं की रामरक्षा यंत्रासारखी म्हणणं अवघड होतं. म्हणताना त्या त्या जागी हात न्यावा किंवा नुसतं मनानं तिथं जावं. लहान मुलांना तर हा खेळच वाटतो. ‘सेतू कुठं आला?’ विचारलं की ती पटकन गुडघ्यावर हात ठेवतात. मनाचे श्लोक, हरिपाठ, अथर्वशीर्ष, जे काही तुमचं पाठ असेल त्यात असा एखादा धागा शोधून बघा. निदान रोज एका ओळीचा अर्थ तरी मनात घोळवावा. जप करायचा तो अर्थाच्या चिंतनासह, असं पतंजलींनीही ओंकाराच्या जपाबद्दल सांगितलं आहे.

‘एवढ्या गर्दीत आणि गोंगाटात एकाग्रता?’

एकाग्रतेला शांतता लागतेच, हा समज गुहेत बसलेल्या साधूच्या चित्रावरून आला असावा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम हलवून तरडगावकडं निघते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. दोन बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा, टाळ-मृदंगाचा गजर, हजारो कंठांतलं नाम आणि मधून दौडत जाणारे अश्व. तिथं आवाज प्रचंड असतो. पण घोडा समोरून जातो त्या क्षणी त्या माळावरच्या एकाही माणसाचं मन आपल्या घरच्या काळजीत नसतं. टाळ हातात असला की हाताला काम, अभंग ओठावर असला की जिभेला काम, पाऊल टाकायचं तर शेजाऱ्याच्या लयीत. एकट्याच्या मनाला जे पेलत नाही ते दिंडी पेलून नेते. वारकरी संप्रदायानं शेतकऱ्याला, बलुतेदाराला, अक्षरओळख नसलेल्या बाईला धारणा शिकवली ती या मार्गानं.

मिरवणुकीतल्या डीजेचा आवाजही मोठाच असतो. तो छातीत धडधडतो, दुसरा विचार सुचू देत नाही, पण मन देवाकडं नेत नाही. तो आवाज थांबल्यावर कुणाच्या ओठावर देवाचं नाव उरलंय, असं मी तरी पाहिलेलं नाही.

‘डोळे मिटले की मला काहीच दिसत नाही’

ही तक्रार करणाऱ्यांना बहुधा सांगितलं जातं की तुमचा भाव कमी पडतोय. तसं असेलच असं नाही. काही माणसांना मिटल्या डोळ्यांपुढं चित्र उमटतच नाही, आईचा चेहरासुद्धा नाही. २०१५ साली ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ‘अफँटेझिया’ असं नाव दिलं. हा आजार नाही, मनाची एक वेगळी घडण आहे. मानसपूजेत ‘रत्नजडित सिंहासनावर देव बसला आहे असं डोळ्यांसमोर आणा’ म्हटलं की अशी माणसं अडकतात. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, मूर्तीकडं किंवा तसबिरीकडं बघावं, नाहीतर आवाजाची आणि स्पर्शाची वाट धरावी. नवविधा भक्तीत पहिलं नाव श्रवणाचं आहे, तिथं डोळ्यांची गरज पडत नाही.

किती वेळ, आणि कुठं सावध राहायचं

योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी आहेत : दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदरानं. एकादशीला तीन तास बसून मग महिनाभर काही नाही, यापेक्षा रोजची दहा मिनिटं बरी. जागा आणि वेळ शक्यतो तीच ठेवावी. फोन दुसऱ्या खोलीत. बसल्यावर आधी चार-पाच श्वास नुसते सोडावेत, मग सुरुवात करावी. तिसरी अट लोक विसरतात. उरकून टाकण्याच्या घाईत आदर उरत नाही. लांबलचक पूजा घाईनं उरकण्यापेक्षा पाच उपचारांची पंचोपचार पूजा सावकाश केलेली केव्हाही चांगली, आणि तशी मुभा शास्त्रातच आहे.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. जप मोजताना ‘एक मणी चुकला, आता घरात काहीतरी वाईट होणार’ अशी भीती वाटायला लागली, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, तासन्‌तास त्यातच जाऊ लागले, तर ती एकाग्रता नव्हे. तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडं जाण्यात देवाचा अपमान होत नाही. अशा वेळी घरच्यांनी ‘फार देवभोळी आहे ती’ म्हणून सोडून देऊ नये.

‘कामधंदा सोडून हे करायचं का?’

संतांपैकी बहुतेक जण कामाची माणसं होती. जनाबाई दळता-कांडता गात होत्या, सावता माळ्यांना मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात विठाई दिसली. भाकरी थापताना, भांगलण करताना, गोठा झाडताना हात सरावानं चालतात आणि मन रिकामं असतं. अशा कामात नाम छान बसतं. त्या रिकाम्या जागेत नाहीतरी कुणाबद्दलची तरी चिडच फिरत असते.

सगळी कामं मात्र अशी नसतात. गोरा कुंभारांची गोष्ट आपण विठ्ठलाच्या कृपेसाठी सांगतो. त्या गोष्टीत नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना त्यांचं तान्हं बाळ पायाखाली आलं, हेही आहे, आणि गोष्टीतल्या त्या आईचा आकांत आपण पुढच्या चमत्काराच्या घाईत ऐकत नाही. ज्या कामात कुणाचा तरी जीव आपल्या हातात आहे, तिथं सगळं लक्ष त्या कामालाच हवं. नर्सचं लक्ष इंजेक्शनच्या मात्रेवर हवं, मळणी यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचं स्वतःच्या हातावर. आणि त्या वेळी तीच त्यांची पूजा आहे असं मी मनापासून मानतो. खंबाटकीच्या वळणांवर गाडी हाकताना कानात भजन लावून तंद्री लावून घेऊ नये. गाडी सुरू करण्यापूर्वी देवाचं नाव घ्यावं, मग सगळं लक्ष रस्त्यावर. घाट उतरून सुरूरला चहाला थांबलात की माळ काढायला वेळ आहेच.